सात षष्ठांश बाग

मला अपूर्णांक शिकवले खालूंनी, आणि तेही चुलीपुढे बसून, भाकरीवर. खालू म्हणजे माझ्या मेहरुन खालाचे यजमान, आणि खाला म्हणजे मावशी. आमच्या घरात दखनी बोलायचे, गावात मराठी. अम्मीच्या तोंडी तर दोन्हींची अशी सरमिसळ असायची की कुठली कुठे संपली हे तिलाही सांगता आलं नसतं. मी सगळं आयुष्य मराठीतून शिकवलं, तेव्हा लिहितेही मराठीतच. श्रीगोंद्याच्या बाजूला आमचं गाव. खालू तिथल्याच शाळेत मास्तर होते. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही वाटावं, मास्तर आपल्याशीच बोलतायत. मला तर ते अख्ख्या जगात सगळ्यांत शहाणे वाटायचे.

खाला-खालूंना मूलबाळ नव्हतं. आमचं घर गावात आणि त्यांचं लिंबाच्या बागेच्या कडेला. मधे एक ओढा, तोही बहुतेक कोरडा. अब्बा टेम्पोवर असायचे, दिवसचे दिवस घरी येत नसत, त्यामुळे शाळा सुटली की माझं दप्तर आमच्या ओट्यावर आणि मी बागेत. खालाच्या हाताला लिंबाचा वास कायम असायचा. कणीक मळताना, माझ्या वेण्या घालताना, नमाजाला बसताना, तोच. तिच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर लोणच्याच्या बरण्या उन्हात मुरत पडलेल्या असत आणि मांजर त्यांच्यामधून अशी चालायची की एकही हलू नये. हुलग्याचे शेंगोळे करायची खाला, वरून अख्खं लिंबू पिळून, आणि म्हणायची, "खा गं, दात आंबले तर आंबले." आता माझे निम्मे दात बसवलेले आहेत आणि डॉक्टरांनी आंबट बंद केलंय. तरी शेंगोळे केले की मी लिंबू पिळतेच.

ही बाग खालाची स्वतःची. माझ्या नानांना, म्हणजे अम्मीच्या वडिलांना, तीन मुलीच. मरण्याआधी त्यांनी जमिनीचे तीन तुकडे करून तिघींना दिले. सगळ्यांत थोरली बडी खाला, ती कोपरगावला दिलेली. तिनं तिचा तुकडा कसायला देऊन टाकला. धाकट्या अम्मीच्या वाट्याला ओढ्याकाठची खडकाळ जमीन आली, तिच्यात पावसावर बाजरी व्हायची तेवढीच. मधल्या मेहरुनच्या तुकड्यात विहीर होती. खालानं तिथले दगड वेचले, खड्डे घेतले, आणि रस्त्यापासून ओढ्यापर्यंत लिंबाच्या चौदा ओळी लावल्या. रस्त्याकडून मोजलं तर सातव्या ओळीत विहीर. तिच्यावरचं डिझेल इंजिन सुरू झालं की आमच्या घरापर्यंत ठकठक ऐकू यायची, आणि अम्मी म्हणायची, "मेहरुन पाणी देतीया." त्या आवाजाशिवाय दुपार झाल्यासारखी वाटायची नाही.

तर भाकरी. मी पाचवी-सहावीत असेन. वर्गात छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज चालू होती आणि मी सरळ वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. सगळ्या पोरांनी तेच केलं होतं, पण खालूंनी रागावायला फक्त मला निवडलं, घरी येते म्हणून. संध्याकाळी त्यांनी टोपल्यातून दोन भाकऱ्या उचलल्या. एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन. पहिलीतला एक आणि दुसरीतला एक माझ्या ताटात टाकला.

"किती झाले?"

"दोन तुकडे."

"कशाचे दोन? ह्याला काय म्हणशील, आणि त्याला काय? तुझ्या अब्बाला सांगायचं झालं, मी किती भाकरी खाल्ली, तर काय सांगशील?"

मग त्यांनी नव्या दोन भाकऱ्या घेतल्या आणि दोन्हींचे सहा-सहा तुकडे केले, इतके सारखे की खाला पिठाच्या हातानंच पुढे येऊन बघायला लागली. "अर्धी म्हणजे ह्यातले तीन. तिसरा हिस्सा म्हणजे ह्यातले दोन. आता सगळे एका मापाचे झाले. आता मिळव." पाच, मी म्हणाले. सहातले पाच. मला ते असं लख्ख कळलं की मी तिथेच बसल्या बसल्या आणखी मागितले. तीन चतुर्थांश आणि अर्धा घातला त्यांनी. उत्तर पाच चतुर्थांश आलं आणि मी घाबरून पाटीवरचं पुसायला लागले, कारण एका भाकरीचे चारच चतकोर होतात, पाचवा आणायचा कुठून? खालूंनी माझा हात धरला. "बेरीज एकाहून मोठी आली म्हणून घाबरायचं नाही, बेटा. टोपल्यात दुसरी भाकरी असते." खाला म्हणाली, "असती कशी? तुमी सगळ्याचा चुरा केलाय!" त्या रात्री आम्ही तिघांनी दुधात चुरा खाल्ला आणि मला वाटलं, गणिताइतकं गोड काही नाही.

आणखी एक आठवण सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्याशी तिचा संबंध आहे. ईदच्या सकाळी खालाकडे शिरखुर्म्याचे वाडगे भरून मांडलेले होते, मोजून जेवढी माणसं तेवढे. इतक्यात शाळेतले दोघे शिक्षक आले, मागून पोलीस पाटील आले, बरोबर त्यांचा पाव्हणा. पातेलं रिकामं. खाला पार ओशाळली. खालू मात्र नवे वाडगे घेऊन बसले आणि मांडलेल्या प्रत्येक वाडग्यातून एकेक चमचा काढत गेले, स्वतःच्यातूनही, माझ्यातूनही. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "वाटेकरी वाढले की सगळ्यांचं सारखं कमी करायचं. एकाचंच काढलं तर ती चोरी." मला ते वाक्य तेव्हा इतकं आवडलं की मी शाळेत चारचौघांत फेकत असे.

मेहरुन खाला काविळीनं गेली. मी सातवीत होते. फार सांगत नाही. माझ्याच्यानं अजून होत नाही. एवढंच की इंजिन बरेच दिवस बंद होतं आणि अम्मी दुपारी मधेच थांबून कान द्यायची. खालूंनी बदली मागून घेतली, नगरजवळ केडगावला, तिथे त्यांच्या आईचं घर होतं. (एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, माझ्या तोंडात नगरच बसलंय.) जाताना मला घेऊन जायचं ठरत होतं. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. खालू म्हणाले, "सलमाला मी आठवीला घालतो. मेहरुनची इच्छा होती." मी मनातल्या मनात केडगावच्या शाळेचा गणवेशसुद्धा शिवून टाकला.

खालाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि बागेच्या वाटणीला सगळे विहिरीजवळच्या चिंचेखाली बसले. मशिदीतले हाफिजसाहेब, पोलीस पाटील, कोपरगावहून आलेली बडी खाला, अम्मी, खालू. अब्बा होते, पण लांब टेम्पोला टेकून. बायकोच्या माहेरच्या वाटणीत आपण तोंड घालायचं नाही, असं त्यांचं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. हाफिजसाहेबांनी शांतपणे सांगितलं: बाईला मूलबाळ नसेल तर नवऱ्याला अर्धा. आईबाप नाहीत, भाऊ नाही, आणि बहिणी दोन, तर दोघींना मिळून दोन तृतीयांश. "एवढं मला माहीत. हिशोब बसवायचं काम मास्तरांचं."

"तुमीच करा मास्तर," पाटील म्हणाले. "तुमच्याहून शाना कोन हाय गावात?"

"मी नाही करणार." खालूंनी मान हलवली. "माझाच वाटा आणि हिशोबही माझाच, उद्या कुणी बोट दाखवायला नको. सलमा करेल. ती माझीही आहे आणि तिच्या आईचीही."

काय वाटलं असेल मला! शाळेतला लहान फळा आणून चिंचेच्या बुंध्याला टेकवलेला होता. आणून ठेवलेलाच होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मी ओढणी खोचली आणि खडू घेतला. अर्धा अधिक दोन तृतीयांश. छेद समान करायचे, सहा. अर्ध्याचे तीन, दोन तृतीयांशाचे चार. तीन नि चार सात. सात षष्ठांश. मी लिहिलं, वळले, आणि बघते तर खालू हसत होते.

"म्हणजे किती बाग झाली, बेटा?"

"एक... आणि वर एक षष्ठांश."

"वरची कुठं आहे? दाखव बरं आम्हाला."

पाटील हसले. कुणी तरी ओढ्याकडे हात करून म्हणालं, तिकडं हाय, बाभळीत, आणि मग सगळेच हसले. मी बेरीज पुन्हा केली. पुन्हा सातच. कानशिलं तापली होती, खडू घामानं चिकट झाला होता, पण गणित बरोबर होतं, माझ्या जिवाला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "खालू, तुम्हीच सांगितलं होतं. बेरीज मोठी आली तर घाबरायचं नाही म्हणून."

"ते भाकरीचं, सलमा. जमीन काय टोपल्यात ठेवलेली असते?"

यावर तर हाफिजसाहेबही हसले, बिचारे. मी अम्मीकडे पाहिलं. मला वाटलं, ती काही तरी म्हणेल. निदान म्हणेल की पोरीला पुन्हा करू द्या. अम्मीनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "चुप बैठ."

मी बसले. खालूंनी माझी बेरीज हाताच्या पंज्यानं पुसली. "पोर हुशार आहे, पण अजून कच्ची आहे," असं सगळ्यांना सांगितलं, आणि मग नव्यानं लिहिलं: अर्धा नवऱ्याचा, तो आधी. उरलेला अर्धा दोघी बहिणींना, म्हणजे चतकोर-चतकोर. बेरीज बरोबर एक. हाफिजसाहेब जरा घुटमळले. म्हणाले, "दोन तृतीयांशाचं असं झालं... नगरच्या मौलानांना एकदा विचारून घेऊ का?" तोवर बडी खाला उठलीच होती. "कोपरगावची गाडी चुकंल माझी. मास्तर काय खोटं सांगतील व्हय?" झालं. रस्त्याकडच्या सात ओळी खालूंच्या. पलीकडच्या साडेतीन अम्मीच्या, ओढ्याकडच्या साडेतीन बडी खालाच्या. त्या साडेतीनचा अर्धा कसा काढायचा यावर पाटलांनी बराच विनोद केला.

घरी येऊन मी चुलीतला कोळसा घेतला आणि मागच्या भिंतीवर तेच गणित घालत बसले. सात. सात. सात. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं. चुकलेलं सुधारता येतं. पण ज्या माणसानं मला एकाहून मोठ्या बेरजेला भिऊ नको म्हणून शिकवलं, त्यानंच त्या बेरजेवर लोकांना हसवलं होतं. ते विसरले असतील हेही मनाला पटवून पाहिलं. खालू विसरणारे नव्हते. त्यांना दहा वर्षांपूर्वीच्या पोरांचे पाढे कुठे अडायचे तेसुद्धा आठवायचं.

केडगावला मी गेले नाही. खालू न्यायला आले त्या सकाळी मी कणगीमागे जाऊन बसले आणि तिथूनच सांगितलं, मेले तरी येणार नाही. अम्मीनं आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. चुलीतल्या फुंकणीनं. मला ते मारणंही कळलं नाही, कारण ती मारता मारता स्वतःच रडत होती. खालू रिकाम्या हातानं परत गेले आणि दोन उन्हाळ्यांत त्यांनी आपल्या सात ओळी विहिरीसकट एकाला कसायला दिल्या. त्या माणसाचा आमच्याशी काय संबंध? त्यानं इंजिनाच्या खोलीला कुलूप घातलं. अम्मी त्याच्या दारात जाऊन बसली, पाटलांकडे गेली, घागरीनं पाणी घातलं. घागरीनं लिंबं जगतात होय! आधी पानं पिवळी पडली, मग फांद्या वाळल्या, आणि खालानं हातानं लावलेल्या झाडांची खोडं अम्मीनं स्वतः खणून सरपणाला आणली. त्यांचा धूरसुद्धा लिंबाचा यायचा. मला जेवण जाईना.

मी दोन वर्षं घरी बसले. मग अब्बांनीच कधी नव्हे ते तोंड उघडलं आणि मला एसटीनं तालुक्याच्या शाळेत धाडायला लागले. पुढे मास्तरकीच्या शिक्षणाला नगरला राहिले. तिथे खोलीतल्या मैत्रिणीचे वडील मौलाना होते. एकदा ते तिला भेटायला आले असताना सहज विचारावं तसं मी विचारलं: नवरा आणि दोन बहिणी, बेरीज एकाहून मोठी येते, मग करायचं काय? ते हसले, पण छान हसले. म्हणाले, "येतेच मोठी. पुष्कळदा येते. मग सहाच्या जागी सात हिस्से धरायचे. नवऱ्याला सातातले तीन, बहिणींना चार. सगळ्यांचं सारखं कमी होतं, कुणा एकाचं नाही." मला शिरखुर्म्याचे वाडगे दिसले. मग चौदा ओळी दिसल्या. सातातले तीन, म्हणजे चौदातल्या सहा. सहा ओळी खालूंच्या. सातवी अम्मीची.

मी तशीच केडगावला गेले. नगरपासून आहे किती अंतर! इतकी वर्षं मी ते ओलांडलं नव्हतं. खालू अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पिकलेल्या दाढीत, शेजारी दोन माणसं. मला पाहून त्यांचा चेहरा जो उजळला तो खोटा नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "ही माझी सलमा," त्यांनी त्या माणसांना सांगितलं. "मास्तरीण होतेय. हिला अपूर्णांक मी शिकवले." माणसं उठून गेल्यावर मी बसलेसुद्धा नाही.

"खालू, सहाच्या जागी सात धरायचे असतात, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "होतं," ते म्हणाले. "तुझं उत्तर बरोबर होतं. पहिल्या खेपेलाच."

"मग?"

"विहीर सातव्या ओळीत होती."

वर्गात एखादी पायरी समजावून सांगावी त्या आवाजात. मी विचारलं, मग मलाच का उभं केलंत फळ्यापुढे? सरळ खोटं बोलायचं होतं, तुम्हाला कोण अडवणार होतं?

"हाफिजसाहेबांना शंका होतीच. बेरीज कुणी तरी करणारच होतं." त्यांनी चष्मा घातला. "मोठ्या माणसानं केली असती तर लोकांनी ऐकली असती."

आतून कुणी तरी सरबताचा पेला आणून माझ्यासमोर धरला. मी तो घेतला नाही. पायऱ्या उतरताना ते मागून काही तरी म्हणाले, माझं नाव घेऊन. मी थांबले नाही. पुढे ते वारले तेव्हाही मी गेले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

रडू आलं ते गावी पोचल्यावर. अम्मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच ओरडले की अम्मी, माझं बरोबर होतं, विहीर तुझी होती, त्यांनी आपल्याला फसवलं. मला वाटलं, ती हातातलं टाकून उठेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"तवापास्नं. तू कवा चुकत हुतीस का हिशोबात?" तिनं पिठाचा गोळा हातात घेतला. "चाळिसाव्याच्या आदी आलं हुतं तुजं खालू हितं. म्हनलं, सलमाला नेतो, शिकिवतो, मास्तरीन करतो. विहीर तेवडी माज्याकडं ऱ्हाऊ दे. मी म्हनलं, एका वळीत पोरीचं शिक्षान हुत आसंल तर जाऊ दे. तुला फळ्याम्होरं हुबी करत्याल, आसं न्हाई बोललं ते. ते म्या न्हाई कबूल केलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. म्हणजे चिंचेखाली मी एकटीच खरं गणित करत होते. बाकीच्यांना उत्तर नको होतं, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी आधीच वाटणी उरकलेली होती, आणि त्या वाटणीत मीही होते. विहिरीच्या बदली केडगाव. आणि ते केडगाव मीच कणगीमागे बसून नाकारलं होतं. विहीरही गेली, झाडंही गेली, शाळेची दोन वर्षंही गेली. फुंकणीचा मार मला त्या दिवशी कळला.

"मला सांगायचं तरी अम्मी," मी म्हणाले. "एका शब्दानं."

"सांगितलं आसतं तर गप बसली आसतीस?"

नसते बसले. तिला ते ठाऊक होतं, आणि खालूंनाही ठाऊक होतं. त्या झाडाखाली मला इतकं नीट ओळखणारी माणसं दोनच होती.